नायट्रो गाडी मोकाट सुटू नये म्हणून : फेलसेफच निकामी ठरले तर काय?

निळाधूर (धागाकर्ता) :

रेडिओवर चालणाऱ्या नायट्रो गाड्यांच्या (मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या इंधनावर पळणाऱ्या छोट्या मॉडेल गाड्यांच्या) सुरक्षिततेचा विषय निघाला की बहुतेकांचे उत्तर एका शब्दात आटोपते, आणि तो शब्द म्हणजे फेलसेफ, म्हणजेच ट्रान्समीटरचा संदेश तुटला की गाडीला आधी ठरवलेल्या सुरक्षित स्थितीत नेणारी सोय. रिसीव्हरमध्ये (गाडीतील रेडिओग्राहकात) फेलसेफ आहे, ते बसवलेले आहे, तेव्हा गाडी सुटणार नाही, असे आपण धरून चालतो. फेलसेफ असूनही ऐन वेळी ते चाललेच नाही तर गाडी कशाने थांबेल, एवढ्याच प्रश्नावर या धाग्यात चर्चा व्हावी अशी अपेक्षा आहे.

विजेवरच्या गाडीत रेडिओ आणि मोटर सहसा एकाच बॅटरीवर चालतात. बॅटरी संपली की दोन्ही थांबतात. नायट्रो गाडीत तसे नाही. येथे रेडिओची छोटी बॅटरी मेली तरी इंजिनाला त्याची गंधवार्ताही नसते. ग्लो प्लगला, म्हणजे इंधन पेटवणाऱ्या तापत्या तारेच्या प्लगला, वीज लागते ती केवळ सुरू करताना, तीही बाहेरच्या इग्नायटरमधून. एकदा इंजिन पेटले की प्लगमधील प्लॅटिनमयुक्त तारेवर मिथेनॉलची होणारी प्रक्रिया आणि दाबाने वाढणारी उष्णता यांच्या बळावर ती तार स्वतःच लाल राहते. त्यामुळे या इंजिनाला बंद करण्याचा विजेचा खटका असा गाडीवर कोठेही नसतो. हवा तोडा, इंधन तोडा, एक्झॉस्ट बुजवा किंवा फ्लायव्हील धरून ठेवा, याखेरीज ते थांबत नाही.

धोक्याचा अंदाज यावा म्हणून एक साधे गणित मांडतो. साडेतीन किलो वजनाची, खऱ्या गाडीच्या १/८ आकाराची बग्गी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल तर तिची गतिज ऊर्जा सुमारे ४८५ ज्यूल भरते. हीच गाडी चौदा मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजल्यांवरून, कोणाच्या पायावर टाकण्याइतका हा आघात आहे. वेग दुप्पट झाला की हा आकडा चौपट होतो.

आता बिघाडांकडे वळू. संदेश तुटला, म्हणजे ट्रान्समीटरची बॅटरी संपली, अँटेना तुटली किंवा गाडी पल्ल्याबाहेर गेली, तर रिसीव्हर जिवंत असतो आणि फेलसेफ आपले काम करते. फेलसेफ ज्या प्रसंगासाठी घडवलेले आहे तो मुळात हा एकच प्रसंग. रिसीव्हरची वीज गेली तर फेलसेफही त्याच क्षणी गेले. सर्व्होला, म्हणजे थ्रॉटल आणि ब्रेक हलवणाऱ्या छोट्या मोटरला, ब्रेककडे ओढायला वीज कोठून येणार? वीज आहे, संदेश आहे, पण सर्व्होचे दाते झडले किंवा हॉर्नचा, म्हणजे सर्व्होवरच्या फिरत्या हाताचा, स्क्रू निघाला, तर फेलसेफ बिनचूक हुकूम देते आणि तो पाळणारे कोणीच नसते. हॉर्नला कार्बुरेटरशी, म्हणजे कार्बशी, जोडणारी दांडी हॉर्नमधून निसटली तरी तेच. आणि कार्ब पूर्ण मिटलेला असूनही इंजिन भलतीकडून हवा ओढून गरजत राहिले, तर वरची सगळी साखळी ठणठणीत असून उपयोग शून्य.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, ज्या बिघाडावर उपाय करायचा तो उपाय त्याच बिघाडात सापडणारा नसावा. वीज गेल्यावर उपयोगी पडेल असा उपाय विजेवर चालणारा असून भागत नाही. या कसोटीवर आपल्या गाडीतील सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग पहिला येतो, तो म्हणजे कार्बची रिटर्न स्प्रिंग, कार्ब मिटवून मागे आणणारी.

ही स्प्रिंग नुसती असून भागत नाही. ती कोठे अडकवली आहे ते पाहा. काही गाड्यांत ती सर्व्होच्या हॉर्नला अडकवलेली आढळते, आणि दिसायला थ्रॉटल छान मागे येतो. परंतु दांडी कार्बच्या बाजूला निसटली तर ती स्प्रिंग फक्त रिकामा हॉर्न ओढत बसते आणि कार्ब उघडा तो उघडाच राहतो. स्प्रिंगचे एक टोक कार्बच्या स्लाइडच्या (हवेची वाट उघडणाऱ्या सरकत्या भागाच्या) किंवा आर्मच्या थेट अंगावर आणि दुसरे टोक इंजिनाच्या माउंटसारख्या न हलणाऱ्या जागी हवे. स्प्रिंगऐवजी रबर बँड लावण्याची जी पद्धत आहे ती मला मान्य नाही, कारण इंधनातील तेल आणि इंजिनाची धग यांमुळे रबर सैल पडते, चिरते, आणि नेमके केव्हा तुटेल ते सांगता येत नाही.

यावरची चाचणी इंजिन बंद ठेवून आणि एअर फिल्टर काढून करावी, म्हणजे स्लाइड डोळ्यांना दिसते. रेडिओ सुरू करून थ्रॉटल पूर्ण ओढून धरा आणि तसाच धरून ठेवून ट्रान्समीटर बंद करा. सर्व्हो ब्रेककडे गेला पाहिजे. ही चाचणी बरेच जण करतात. पुढची फारसे कोणी करत नाही : पुन्हा थ्रॉटल पूर्ण ओढून धरा, आणि या वेळी रिसीव्हरच्या बॅटरीचा कनेक्टर ओढून काढा. आता फेलसेफ नाही, सर्व्होत जीव नाही, उरली ती केवळ स्प्रिंग. स्लाइड मिटली का? अर्ध्यावर अडकली का? अडकली असेल तर दांडी सोडवून स्लाइड बोटाने उघडा आणि सोडा. ती खटकन बंद होत असेल तर दोष सर्व्होच्या जडपणात आहे. तेथेही रेंगाळत असेल तर कार्बमध्ये धूळ आहे किंवा स्प्रिंग दुबळी आहे.

ज्यांनी ही दुसरी चाचणी केली आहे किंवा आता करतील, त्यांनी निकाल येथे जरूर लिहावा.

जुना_क्रिस्टल :

धागा उत्तम आणि आवश्यक आहे. क्रिस्टलच्या (रेडिओची फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या सुट्या भागाच्या) काळात, म्हणजे २७ मेगाहर्ट्झच्या संचांवर, गाडी सुटण्याचे मुख्य कारण शेजारचा माणूस असे. एकाच क्रमांकाच्या क्रिस्टलचा दुसरा ट्रान्समीटर कोणी सुरू केला की आपली गाडी त्याचे ऐकू लागे. त्यासाठी ट्रॅकवर फ्रिक्वेन्सीची पाटी असे आणि पाटीवरचा चिमटा हाती आल्याशिवाय ट्रान्समीटरला हात लावायचा नाही, असा दंडक होता. २.४ गिगाहर्ट्झमुळे तो धोका जवळजवळ संपला. पण धोक्याबरोबर दंडकही गेला, आणि आता रेडिओकडे कोणी संशयाने पाहतच नाही.

धाग्यात न आलेला एक बिघाड मांडतो, जो मला सर्वांत कपटी वाटतो. अनेक संचांत फेलसेफची स्थिती रिसीव्हरमध्ये साठवली जाते, बाइंड करताना (ट्रान्समीटर आणि रिसीव्हरची जोडी जुळवताना) किंवा मेनूतून. समजा, ती आपण नीट साठवली. पुढे सर्व्हो बदलला आणि नवा सर्व्हो उलट्या बाजूने फिरतो असे दिसले, म्हणून मेनूत जाऊन थ्रॉटल रिव्हर्स केला. आता ट्रिगर ओढला की कार्ब उघडतो, ढकलला की ब्रेक लागतो, सगळे यथास्थित. रिसीव्हरमध्ये साठवलेला फेलसेफचा संदेश मात्र जुन्याच सर्व्होच्या हिशेबाचा आहे, आणि नव्या सर्व्होच्या लेखी त्याचा अर्थ पूर्ण थ्रॉटल असा होतो. गाडी पल्ल्याबाहेर गेली की आपली सुरक्षा यंत्रणाच तिला पूर्ण वेगाने पिटाळते.

म्हणून सर्व्हो, रिव्हर्स, एंड पॉइंट (सर्व्होच्या फिरण्याची मर्यादा) किंवा ट्रान्समीटरमधील मॉडेल मेमरी, यांपैकी कशालाही हात लावला की फेलसेफ नव्याने साठवावे आणि ट्रान्समीटर बंद करून डोळ्यांनी पाहावे. आणखी एक : फेलसेफच्या मेनूत ‘होल्ड’ असा पर्याय असेल तर तो नायट्रो गाडीसाठी नाहीच असे समजा. होल्ड म्हणजे शेवटचा हुकूम कायम. शेवटचा हुकूम पूर्ण थ्रॉटलचा असेल तर तोच कायम.

चौथा_गिअर :

बॅटरीचा कनेक्टर ओढून चाचणी केली. ट्रान्समीटर बंद केल्यावर सर्व्हो चोख ब्रेकवर जातो, परंतु बॅटरी काढल्यावर स्लाइड जेथे होती तेथेच थांबते. स्प्रिंग कार्बच्या आर्मलाच लावलेली आहे आणि दांडी सोडवली तर स्लाइड लगेच मिटते. सर्व्हो धातूच्या दात्यांचा, बऱ्यापैकी जास्त टॉर्कचा आहे. आणखी कडक स्प्रिंग लावावी का?

निळाधूर :

नुसती कडक स्प्रिंग हा मला शेवटचा पर्याय वाटतो. कडक स्प्रिंगविरुद्ध सर्व्होला अखंड जोर लावावा लागतो, तो जास्त वीज ओढतो, आणि ज्या बॅटरीच्या मरणाची आपल्याला भीती आहे ती बॅटरी आपणच लवकर मारतो.

प्रथम हॉर्नकडे पाहा. दांडी हॉर्नच्या आतल्या भोकात असेल तर स्प्रिंगला सर्व्हो मागे फिरवायला फार थोडी तरफ मिळते. तीच दांडी बाहेरच्या भोकात नेली की त्याच स्प्रिंगचा सर्व्होच्या फिरत्या अक्षावरचा पीळ त्या प्रमाणात वाढतो; अंतर दीडपट झाले तर पीळही दीडपट. असे केल्यावर सर्व्हो थोडाच फिरला तरी कार्ब पूर्ण उघडेल, म्हणून एंड पॉइंट नव्याने लावावे लागतील, नाहीतर सर्व्हो कार्बला शेवटपर्यंत नेऊन पुढेही ढकलत राहील आणि कण्हत बसेल.

दुसरे म्हणजे थ्रॉटलसाठी एवढा ताकदवान सर्व्हो मुळात हवा का, याचा विचार करा. जोर स्टिअरिंगला लागतो. कार्बची स्लाइड स्वच्छ असेल तर ती बोटानेही सहज सरकते, आणि ब्रेकलाही मध्यम टॉर्क पुरतो. थ्रॉटलचा सर्व्हो निवडताना मी तो विजेविना हाताने फिरवून पाहतो. हॉर्न धरून हळूच फिरवला असता जो सहज फिरतो तो स्प्रिंगला साथ देतो. जो दगडासारखा बसतो तो देत नाही. डिजिटल सर्व्होंच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. वीज आहे पण रिसीव्हरकडून संदेशच येत नाही, उदाहरणार्थ संदेशाची तार तुटली, तर साधा ॲनालॉग सर्व्हो ढिला पडतो आणि स्प्रिंगला वाव मिळतो. अनेक डिजिटल सर्व्हो मात्र शेवटची जागा जोराने धरून ठेवतात.

एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे स्प्रिंगवर कोणी नको तेवढा भरवसा ठेवणार नाही. सर्व्होत वीज आहे आणि तो उघड्या स्थितीत अडकला आहे, तर कोणतीही स्प्रिंग त्याला हरवू शकत नाही.

सहा_व्होल्ट :

वीज गेल्यावर काय, यावर चर्चा चालू आहे. वीज का जाते, यावर चार शब्द लिहितो, कारण माझ्या पाहण्यात सुटलेल्या गाड्यांचे मूळ बहुधा बॅटरीच्या डब्यात सापडते.

गाडीबरोबर येणारा चार ए-ए सेलचा प्लास्टिकचा डबा हा पहिला संशयित. सेल दोन्ही टोकांना नुसत्या पातळ स्प्रिंगांवर टेकलेले असतात. उडीनंतर गाडी आपटली की क्षणभर एखादा सेल संपर्क सोडतो. तो क्षण आपल्याला दिसतही नाही, पण रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि ट्रान्समीटरशी पुन्हा जोडला जाईपर्यंत गाडी वाऱ्यावर असते. शिवाय अल्कलाइन सेलमधून अचानक मोठा प्रवाह ओढला की व्होल्टेज कोसळते, आणि ताकदवान सर्व्हो अडकला की एकटाच दोन-तीन अँपिअर मागतो. रेडिओ व्यवस्थित चालत असताना केवळ स्टिअरिंग जोरात वळवले म्हणून रिसीव्हर बंद पडणे, हा प्रकार येथूनच येतो. सोल्डर केलेला पाच सेलचा निकेल-मेटल हायड्राइड पॅक ६ व्होल्ट देतो आणि त्यात सुटणारे संपर्क नसतात. दोन सेलच्या लिथियम फेरस फॉस्फेट पॅकचे नाममात्र व्होल्टेज ६.६ असते, सर्व्हो तेवढ्याला चालणारे असतील तर मध्ये रेग्युलेटरची गरज उरत नाही. दोन सेलचा लिपो पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्टवर असतो, म्हणून जुन्या सर्व्होंसाठी रेग्युलेटर लावावा लागतो, आणि मग तो रेग्युलेटर बंद पडला की सगळेच बंद, हेही लक्षात ठेवावे.

बॅटरी चांगली आहे की नाही हे नुसते मीटर लावून कळत नाही. रिसीव्हरच्या रिकाम्या जागेत मीटर जोडा, चाके जमिनीवर टेकलेली असू द्या, आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत भराभर फिरवत त्याच वेळी ब्रेकही दाबा. व्होल्टेज किती खाली जाते ते पाहा. विश्रांतीतला आकडा सुंदर आणि कामातला आकडा पाचाच्याही खाली, असा पॅक मी गाडीत ठेवत नाही.

खटक्याबद्दलही सांगायला हवे. रेडिओ बॉक्सवरचा सरकता खटका इंधनाच्या तेलात आणि धुळीत राहतो. आत चिकट थर साचला की संपर्क येतो-जातो. एक तर तो बॉक्सच्या आत घ्यावा, नाहीतर काढून टाकून सरळ कनेक्टर वापरावा. रेडिओ बॉक्सचे झाकण उघडल्यावर आत तेलाचा ओलसर थर दिसला तर तो नुसता पुसून गप्प बसू नये; तो कोठून झिरपला ते शोधावे.

व्होल्टेज पाहणारे वेगळे फेलसेफ मॉड्यूल रिसीव्हर आणि थ्रॉटल सर्व्होच्या मध्ये बसते. बॅटरी हळूहळू उतरत असेल तर, सर्व्हो हलवण्याइतका जीव शिल्लक असतानाच ते थ्रॉटल मिटवते. तेथे ते उपयोगी आहे. कनेक्टर निखळला तर तेही इतरांबरोबरच मरते.

सरळ_रेषा :

सर्वांच्या ज्ञानाचा आदर ठेवून विचारतो. आजचे रेडिओ विश्वासार्ह आहेत, बॅटऱ्या चांगल्या आहेत, आणि बहुतेक जण मोकळ्या जागेत गाडी चालवतात. एवढ्या चाचण्या केल्यावर गाडी चालवायला वेळ उरेल का? नवीन मंडळी हे वाचून छंदच सोडून देतील अशी भीती वाटते.

जुना_क्रिस्टल :

सरळ_रेषा, शंका रास्त आहे. स्प्रिंगची आणि फेलसेफची चाचणी मिळून टाकी भरण्याइतकाही वेळ घेत नाही. बाकीचे बहुतेक काम एकदाच करायचे आहे. आणि मोकळ्या जागेचा भरवसा धरू नये. ताशी ७० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १९ मीटरहून अधिक अंतर कापते, त्यामुळे मोकळी वाटणारी जागा किती सेकंदांत संपते ते आपणच काढून पाहावे. नवीन मंडळी छंद सोडतील ती बहुधा पहिली गाडी हातातून सुटल्यावर.

पातळ_मिश्रण :

चर्चा रेडिओ आणि सर्व्होवर केंद्रित झाली आहे. धागाकर्त्याने शेवटच्या प्रकाराचा, म्हणजे कार्ब मिटूनही गरजणाऱ्या इंजिनाचा, एका वाक्यात उल्लेख केला. त्याविषयी सविस्तर लिहितो, कारण तेथे फेलसेफ आणि स्प्रिंग दोन्ही हात टेकतात.

या इंजिनात कार्बच्या तोंडाखेरीज इतर कोठूनही हवा आत जाता कामा नये. कार्बच्या बुडाची ओ-रिंग दबली किंवा चिरली, मागची बॅकप्लेट सैल झाली, पुढचे बेअरिंग झिजले, किंवा इंधननळीला टाचणीएवढे छिद्र पडले, की मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. पातळ मिश्रणावर इंजिन गरम होते आणि त्याचे फेरे वाढतात. थ्रॉटल सोडल्यावर फेरे लगेच न उतरता काही क्षण रेंगाळतात आणि मग उतरतात, ही त्याची पहिली खूण. ही खूण दिसूनही निडल (मिश्रणातील इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) फिरवत बसणारे पुष्कळ आहेत. आज निडल फिरवून इंजिन जागेवर आणले, उद्या गळती थोडी वाढली, पुन्हा निडल फिरवली, असे करता करता एक दिवस कार्ब पूर्ण मिटलेला असतो आणि इंजिन मात्र क्लच धरण्याइतक्या फेऱ्यांवर चालूच राहते.

गळती शोधण्यासाठी इंजिन गाडीतून काढून कार्बचे तोंड आणि एक्झॉस्ट घट्ट बुजवावे, इंधनाच्या निपलला नळी लावून हलका दाब द्यावा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी सोडावे. बुडबुडे आपली जागा स्वतः दाखवतात. त्यानंतर इंजिन पूर्ण कोरडे करून आत तेल सोडायला विसरू नये, नाहीतर गळती सापडेल आणि बेअरिंग गंजेल.

टाकी संपत आली तरीही मिश्रण पातळ होऊन फेरे चढतात. स्पर्धेच्या १/८ बग्गीची टाकी १२५ घन सेंटीमीटरची असते आणि शेवटच्या काही थेंबांवर इंजिन अचानक किंचाळू लागते. गाडी त्या वेळी आपल्यापासून सर्वांत दूरच्या टोकाला असू नये, एवढी काळजी घ्यावी.

क्लचचेही असेच आहे. क्लचची स्प्रिंग तुटली तर शूज (फेऱ्यांच्या जोराने बाहेर फेकले जाणारे तुकडे) अगदी कमी फेऱ्यांवरही बेलला (त्यांच्या भोवतीच्या वाटीला) धरतात. बेलचे बेअरिंग जळून जाम झाले तर इंजिन आणि चाके कायमची जोडली जातात. आयडलवरही (थ्रॉटल सोडलेला असतानाच्या संथ फेऱ्यांवरही) गाडी पुढे सरकत राहते, आणि ब्रेक दाबला तरच थांबते किंवा इंजिन बंद पडते. स्टँडवर ठेवलेल्या गाडीची चाके आयडलवर फिरत असतील तर ती जमिनीवर ठेवूच नये. ‘थोडीशीच फिरतात’ असे म्हणून गाडी सोडणारे मी पाहिले आहेत.

एक इशारा : स्टँडवर चाके अधांतरी असताना पूर्ण थ्रॉटल देऊन फेलसेफ तपासू नका. भाराशिवाय फेरे बेसुमार चढतात आणि कनेक्टिंग रॉड तुटू शकतो. इंजिन चालू असतानाची तपासणी आयडलच्या जरा वर ठेवूनच करावी.

डिस्क_आणि_पॅड :

फेलसेफमध्ये ब्रेक किती ठेवावा, यावर मते मागवतो. मी पूर्ण ब्रेक ठेवत होतो, परंतु संदेश तुटल्यावर वेगात असलेली गाडी आडवी होऊन उलटते असे दिसले.

निळाधूर :

मी चाके लॉक होण्याच्या थोडे अलीकडे ठेवतो. क्लच आयडलवर नीट सुटत असेल तर मध्यम ब्रेकनेही गाडी थांबते आणि सरळ रेषेत थांबते. पूर्ण ब्रेकचा दुसरा तोटा असा की, संदेश परत येईपर्यंत सर्व्हो जोर लावून धरून राहतो आणि बॅटरी उतरत असतानाच्या प्रसंगात उरलेला जीवही ओढून घेतो. मात्र पातळ_मिश्रण यांनी लिहिलेल्या गरजणाऱ्या इंजिनासमोर हलका ब्रेक अजिबात टिकत नाही. तेथे क्लच घसरत, जळत राहतो आणि गाडी पुढे जात राहते. त्यामुळे फेलसेफमध्ये फक्त आयडल ठेवणे, ब्रेक शून्य, हे मला चुकीचे वाटते.

गरम_हेड :

सगळे उपाय थकले आणि गाडी खरोखर सुटली, तर माणसांनी काय करावे, हे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. पहिली गोष्ट म्हणजे मोठ्याने ओरडून सर्वांना सावध करणे. सुटलेल्या गाडीपुढे पाय घालू नये आणि तिच्या वाटेत उभे राहून तिला झेलण्याचा प्रयत्न करू नये. चालवणारा, पाहणारे आणि मुले यांच्या आणि गाडीच्या मध्ये पहिल्यापासूनच अडथळा असावा. तो नसेल तर पूर्ण थ्रॉटलची सरळ धाव माणसांच्या दिशेने कधीही ठेवू नये.

गाडी कोठे तरी अडकली आणि इंजिन चालूच असेल तर तिला चाकांपासून हात दूर ठेवून मागच्या बाजूने, चॅसिसला धरून उचलावे. एक्झॉस्टचे तोंड जाड कापडाने दाबून बुजवले की इंजिन लवकर गुदमरते. इंजिनाचे हेड शंभर अंशांच्या वर तापलेले असते आणि पाइपही हात भाजेल इतका गरम असतो, त्यामुळे उघड्या बोटाने हे करू नये. इंधननळी चिमटीत दाबणेही चालते, पण इंजिन थांबण्याआधी क्षणभर आणखी जोरात फिरते, तेव्हा चाके कशालाही टेकलेली नसावीत. मी गाडीजवळ नेहमी जाड हातमोजा आणि कापड ठेवतो, पण खिशात; खोक्यात ठेवलेले कापड ऐन वेळी कोणालाही सापडत नाही.

चौथा_गिअर :

दांडी बाहेरच्या भोकात नेली, एंड पॉइंट नव्याने लावले. आता बॅटरी काढल्यावर स्लाइड पूर्ण मिटते, जरा संथपणे, पण मिटते. धन्यवाद. तिसऱ्या चॅनलवर छोटा सर्व्हो लावून इंधननळी दाबणारी रचना करावी असा विचार आहे. उपयुक्त ठरेल का?

निळाधूर :

निकाल ऐकून बरे वाटले. संथपणा राहिला असेल तर स्लाइडची रबरी टोपी काढून आतली धूळ एकदा पाहा.

इंधन तोडण्याच्या रचनेत वेळेचे गणित पाहावे लागते. १२५ घन सेंटीमीटरची टाकी आठ मिनिटांत संपते असे धरले तर सरासरी खप सेकंदाला पाव घन सेंटीमीटरच्या आसपास येतो. नळीचा आतला व्यास अडीच मिलिमीटर धरला तर दहा सेंटीमीटर नळीत जवळजवळ अर्धा घन सेंटीमीटर इंधन मावते. म्हणजे टाकीजवळ नळी दाबली तर इंजिन आणखी सुमारे दोन सेकंद चालेल. पूर्ण थ्रॉटलवर खप जास्त असल्याने काहीसे कमी. तेवढ्यात ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी तीस मीटर पुढे गेलेली असेल, आणि शेवटी मिश्रण पातळ होऊन फेरे चढतील ते वेगळेच. नळी दाबायचीच असेल तर कार्बच्या अगदी तोंडाशी दाबा.

कार्बच्या तोंडावर हवा बंद करणारी झडप याहून पुष्कळ लवकर काम करते. पण तीही त्याच रिसीव्हरवर आणि त्याच बॅटरीवर असेल, आणि बंद होण्यासाठी तिला वीज लागत असेल, तर वीज गेल्याच्या प्रसंगात आपण पुन्हा होतो तेथेच येतो. म्हणून झडप स्प्रिंगने बंद होणारी करा आणि सर्व्होला तिला उघडी धरून ठेवण्याचे काम द्या. वीज गेली, तार तुटली, हॉर्न निघाला, काहीही झाले तरी झडप मिटलीच पाहिजे. त्यासाठी प्लास्टिकच्या दात्यांचा लहान सर्व्हो घ्या, कारण तो विजेविना सहज मागे फिरतो. तिसऱ्या चॅनलचे फेलसेफही वेगळे साठवावे लागते. अनेक संचांत ते थ्रॉटलपुरतेच आपोआप लागू असते आणि इतर चॅनल होल्डवर राहतात.

गळणाऱ्या बॅकप्लेटवर या झडपेचा उपाय चालणार नाही, कारण तेथे हवा झडपेला वळसा घालून आत येते. तेथे नळी दाबणेच कामाचे. दोन्ही बसवण्याइतकी जागा गाडीत असेल तर एकाच छोट्या सर्व्होवर दोन्ही जोडता येतील, असे मला वाटते; पण मग नळी दाबायला लागणारा जोर त्याच स्प्रिंगने द्यावा लागेल.

चौथा_गिअर :

मग आधी झडपेपासून सुरुवात करतो. एअर फिल्टरचा गळा आणि कार्ब यांच्यामध्ये झडप बसेल एवढी जागा होते का, ते मोजून कळवतो.

पातळ_मिश्रण :

मोजताना एक पाहा. फिल्टरच्या गळ्यात जोड वाढला की धूळ आत जाण्याची नवी वाट तयार होते, आणि तीच धूळ स्लाइडमध्ये जाऊन बसते. जोडावर दोन्ही बाजूंनी घट्ट पट्टा हवा. झडप बसवल्यावर ट्रान्समीटर बंद करून घेतलेल्या चाचणीवर थांबू नका. थ्रॉटल उघडा असताना बॅटरीचा कनेक्टर ओढूनच ती मिटते का ते पाहा.